मागच्या सीटवरचं वजन

"चला साहेब, घाबरवा मला," असं म्हणून तो गाडीच्या मागच्या सीटवर बसायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीची तपासणी अशीच सुरू होई. मालकाने गाडी पळवायची आणि एकदम ब्रेक मारायचा. दुखणं कुठल्या चाकात आहे ते ह्याला बसल्या जागी कळायचं. "कानाने नाही साहेब, बैठकीने कळतं," तो सांगायचा.

तुमच्याही माहितीत असा एखादा कारागीर असेल. मला तो भेटला बनारसला, नव्वदच्या दशकात. मी तिथे बँकेत होतो. तो रामघाटावरच्या मराठी वैदिकांच्या घरातला. वेदपाठशाळा अर्ध्यावर सोडून त्याने गंगेपलीकडे रामनगरला गॅरेज टाकलं आणि थोरले बंधू त्याच्याशी बोलेनासे झाले. घर एकच. आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे, ती गेल्यावर तेही थांबले. अबोल्याला आठ वर्षं झाली होती.

माझी मोटार माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. हौसेने मी तिच्या पुढच्या चाकांना परगावाहून नवे डिस्क ब्रेक बसवून आणले आणि ऐटीत त्याला दाखवायला नेले. तो नेहमीप्रमाणे मागे बसला. रामनगरबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मी ब्रेक दाबला आणि गाडी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. कडेची म्हैस चरायची थांबली.

त्याने डोळे उघडले. "वा! आज खरंच घाबरलो."

"अहो, पण ब्रेक नवे आहेत!"

"पुढचे नवे. मागचे तेच पुराने. नव्यांना जोर जास्त लागतो. तुम्ही तेवढा जोर लावेपर्यंत मागची चाकं आधीच जाम. मग शेपूट पुढे यायला बघते. पुढच्यांचे लाड केलेत साहेब, मागच्यांना कुणी काही सांगितलंच नाही."

मागच्या चाकांत ब्रेक दाबणारे सिलिंडर काढून त्याने लहान मापाचे बसवले. त्यामुळे मागची पकड सौम्य झाली. मग तीन दिवस तेच: गाडी पळवायची, ब्रेक मारायचा, उतरून रस्त्यावरच्या काळ्या खुणा न्याहाळायच्या. रिकामी गाडी सरळ थांबू लागली, तरी त्याचं समाधान होईना.

"मागे वजन ठेवून बघायला पाहिजे."

"वाळूची पोती टाकू."

"पोत्याला भीती कुठे वाटते? माणूस पाहिजे. वजनदार." आणि अगदी निरागस चेहऱ्याने म्हणाला, "आमचे दादा उद्या इकडेच येताहेत, यजमानाकडे पूजेला."

मी त्या कटात सामील झालो, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमानाच्या दारात गाडी लावून मी गुरुजींना घाटापर्यंत सोडतो म्हटलं. जानेवारीचे दिवस. ड्रायव्हर नाकापर्यंत मफलर गुंडाळून बसला होता, त्यात वावगं काहीच नव्हतं. गुरुजी ऐसपैस देहाचे. मांडीवर दक्षिणेच्या तांदळाचं गाठोडं आणि शेजारी पाच नारळ घेऊन ते मागे बसले. मी पुढे बसून पाय घट्ट रोवले.

मोकळा रस्ता आला. त्याने गाडी पळवली आणि ब्रेक मारला.

गाडी रेघेसारखी सरळ थांबली. नारळ मात्र थांबले नाहीत. तांदूळ माझ्या कॉलरमधून पाठीत उतरले.

"गाढवा!" मागून गर्जना झाली. "मागे माणूस बसलाय ना!"

ड्रायव्हरने हळूच मफलर खाली केला. "दादा... ओळखलंत?"

"आईने विणलेला मफलर मला ओळखू येणार नाही? बसतानाच ओळखलं."

तो उतरला आणि टायरच्या खुणांपाशी जाऊन उकिडवा बसला. बराच वेळ बसला. चार खुणा पाहायला एवढा वेळ लागत नाही, हे मलाही कळत होतं. गुरुजी उतरून त्याच्यामागे उभे राहिले.

"काय बघतोस?"

"पुढची चाकं आधी थांबली, दादा. मागची नंतर."

"हे बरोबर की चूक?"

"बरोबर."

"मग ऊठ. नारळ गोळा कर."

त्यानंतर गुरुजी अधूनमधून गॅरेजात येऊन बसू लागले. जुन्या टायरांच्या ढिगावर पाट ठेवून, धोतर सावरून. नव्या गिऱ्हाइकाला तेच मालक वाटायचे, आणि हा पठ्ठ्या खुशाल तसं वाटू द्यायचा. "तक्रार असेल तर गुरुजींना सांगा," म्हणून गाडीखाली शिरायचा. आठ वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून दोघं ते संपवत असायचे.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. गाडीही माझ्याबरोबर नागपूरला आली. चारेक वर्षांनी रामघाटाहून एक पोस्टकार्ड आलं. तो कावीळ होऊन गेल्याचं गुरुजींनी दोन ओळींत कळवलं होतं. गॅरेजला कुलूप घातलं होतं. उरलेल्या जागेत पोथीसारख्या वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: "आपल्या गाडीचे मागचे सिलिंडर एव्हाना झिरपू लागले असतील. चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसते का, पाहावे. दिसल्यास गाडी बाहेर काढू नये."