मागे पडलेले घड्याळ आणि पुंडलिकभाऊ निकुरे

पुंडलिकभाऊंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. वन्यप्राण्यांच्या मोजणीच्या एका प्रकल्पात मी नुकतीच कंत्राटावर लागले होते. झाडाला बांधून ठेवायचे आणि समोरून कोणी गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे आमच्याकडे होते. त्यातले बंद पडलेले सात-आठ मी पिशवीत भरले आणि चंद्रपुरात भाऊंच्या दुकानात नेऊन टेबलावर ओतले. भाऊंनी एकाचे झाकण उघडले. आत सेल फुटून सगळीकडे हिरवट पांढरा थर चढला होता.

"काऊन वो बाई, सेल काढून नाई ठेवले?"

"ते माझं काम नाही," मी म्हणाले.

"मंग कोनाचं हाय? कॅमेऱ्याचं?"

मी फणकाऱ्याने निघून आले. आठ दिवसांनी गेले तेव्हा दोन सोडून बाकीचे सगळे चालू होते. भाऊंनी मला शेजारी बसवले आणि गंजलेल्या पट्ट्या साध्या खोडरबराने कशा साफ करायच्या ते दाखवले. पुढे कितीतरी वर्षे मी त्या बाकावर बसून शिकत राहिले. म्हणून पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मला हक्क आहे, असे संपादकांना वाटले असावे. तो हक्क मला कितपत आहे, हे लेख वाचून आपण ठरवावे.

भाऊंनी उमेदीची वर्षे रिळाच्या कॅमेऱ्यांवर काढली. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी दुकाने बंद केली. भाऊ मात्र बिघडलेले कॅमेरे मागून आणायचे आणि खोलून खोलून शिकायचे. कोरपन्याकडचा कॅमेरा आला की भिंगाच्या खाचेत सिमेंट कारखान्यांची धूळ असणार आणि भामरागडच्या ओल्या जंगलाकडचा आला की भिंगावर बुरशीचे जाळे असणार, हे त्यांना पाहण्याआधीच ठाऊक असे. कॅमेऱ्याचे चित्र काढलेला एक कागद ते समोर ठेवत आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रातल्या त्याच्याच जागेवर ठेवत. फ्लॅशचा भाग उघडण्यापूर्वी त्यात साठलेला करंट आधी उतरवत; एकदा मी तो न उतरवता हात घातला आणि बाकावरून खाली पडले. भाऊ हसले नाहीत. उठून पाणी आणून दिले.

तपासण्याची त्यांची रीत ठरलेली होती. सर्वांत आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, काय झाले? लोक सहसा खोटे सांगत. पाण्यात पडलेला कॅमेरा "आपोआप बंद पडला" म्हणत. भाऊ ऐकून घेत. मग सेल, मग कार्ड, मग भिंग, आणि आतली सर्किटची हिरवी पाटी सर्वांत शेवटी. "सोप्पं आहे ते पहिले पाहावं. अवघड कुठी पळून नाई जात," असे ते म्हणत. आणि दोष सापडला की तो सांगत. गिऱ्हाईक कोण आहे हे त्या वेळी ते पाहत नसत. या शेवटच्या सवयीची किंमत त्यांनी कशी मोजली, हे या ग्रंथात लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्यावर कोणी बोलत नाही. मी बोलणार आहे.

एका उन्हाळ्याच्या अखेरीस मी एक कॅमेरा दुरुस्तीला नेला. तो कधी चालायचा, कधी बंद पडायचा. भामरागडकडच्या एका नाल्याजवळ तो बांधलेला होता. त्याच नाल्यापाशी एका चितळाची शिकार झाली होती, आणि त्याच सकाळची तारीख असलेला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेल्या एका माणसाचा फोटो या कॅमेऱ्यात मिळाला होता. तो माणूस म्हणजे चिन्ना पुंगाटी, जवळच्याच पाड्यावरचा शेतकरी. त्या दिवशी आपण सोयऱ्यांच्या गावी होतो असे तो सांगत होता. सोयऱ्यांवर कोण विश्वास ठेवणार? चिन्ना तुरुंगात गेला होता.

मी मोठ्या अभिमानाने भाऊंना म्हणाले, "हाच तो कॅमेरा, भाऊ. यानंच पकडून दिला."

भाऊंनी कॅमेरा उघडला आणि आतली स्प्रिंग नखाने खरवडून पाहिली. मग पेचकस खाली ठेवला. "बाई, याची घडी मांगं चालून राह्यली."

त्यांनी मला दाखवले. वेळ सांभाळणारा बटणाएवढा सेल मेला होता. त्यामुळे घड्याळ मोठ्या सेलांवरच चालत होते, आणि त्या सेलांची स्प्रिंग गंजलेली होती. ओल धरली की संपर्क तुटे आणि कॅमेरा थांबे. ऊन लागले की तो पुन्हा चालू होई. घड्याळ मात्र जिथे थांबले होते तिथूनच पुढे निघे. मधले तास, कधी मधले दिवस, गायब. म्हणजे चिन्ना नाल्यावरून गेला होता हे खरे. पण फोटोवर छापलेल्या तारखेला गेला होता हे नव्हे.

भाऊंनी तो कॅमेरा दुरुस्त केला नाही. भिंतीवरच्या घड्याळाखाली तसाच ठेवला आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दोन्ही घड्याळांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. मग या कॅमेऱ्याच्या तारखा खऱ्या धरू नयेत, असे आमच्या प्रकल्पाच्या साहेबांच्या नावे एक पत्र लिहिले. पत्र देताना मला विचारले, "मूळ कार्ड कुठी आहे?"

मूळ कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होते. त्यावरचा शेवटचा फोटो माझाच होता. कार्ड काढायला मी कॅमेरा उघडला तेव्हाचा. आमच्या नोंदवहीत त्या दिवसाची तारीख माझ्या हाताने लिहिलेली होती, आणि फोटोवर नऊ दिवस आधीची तारीख होती. कर्मचाऱ्यांचे फोटो आम्ही नेहमीच काढून टाकत असू. म्हणून वर पाठवलेल्या प्रतीत तो नव्हता. हे सगळे मला त्या क्षणी लख्ख आठवले.

मी म्हणाले, "माहीत नाही, भाऊ."

पत्र वाचून साहेब म्हणाले, "आता दुकानदार आपल्याला शिकवणार का?" कॅमेरा भाऊंच्याच दुकानात बिघडला असेल, असा शेरा पडला. भाऊंकडे जाणारे काम त्या दिवशी बंद झाले. पाहता पाहता इतर कार्यालयांनीही ते बंद केले. मी साहेबांच्या खोलीत उभी होते. माझे कंत्राट त्याच महिन्यात वाढायचे होते. ते वाढले.

पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटला. चिन्नाचे वडील त्याच काळात वारले आणि निरोप चिन्नापर्यंत पोहोचायला पंधरवडा लागला. त्याच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी झाली नाही. हिवाळ्यात प्रकल्प संपला, माझे कंत्राटही संपले. आता गमावण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा मी ते कार्ड आणि नोंदवहीच्या पानाची प्रत घेऊन भाऊंकडे गेले. याला धैर्य म्हणू नका.

भाऊंनी कार्ड लावून शेवटचा फोटो पाहिला. माझ्याकडे पाहिले नाही. "इतके दिवस खणात होतं?"

"हो."

"चिन्नाच्या वकिलाकडं आजच जाऊ," एवढेच म्हणाले. चिन्ना सुटला त्या दिवशी मात्र त्यांनी मला बोलावून घेतले. "तुले भामरागडले या लागते. मी नाई सांगत त्याले. तू सांगजो."

"माझ्यानं नाही होणार, भाऊ."

"मी संगं येतो ना."

भाऊंच्या उपकारांबद्दल लिहावे, असे मला कळवण्यात आले आहे. त्यांचा माझ्यावरचा सर्वांत मोठा उपकार हा. पाठीच्या दुखण्याने बेजार असलेले भाऊ दिवसभर एसटीत बसून माझ्यासोबत आले. चिन्नाच्या अंगणात मी सगळे सांगितले. पाड्यावरच्या शिक्षकाने ते त्याच्या माडिया बोलीत सांगितले. चिन्नाने पूर्ण ऐकले. मग मोडक्या मराठीत मला विचारले, "तुले मालूम होता?"

"हो."

त्याने मान हलवली, उठून घरात गेला आणि परत बाहेर आला नाही. त्याच्या बायकोने आम्हाला पाणी दिले. परतीच्या वाटेवर मी रडत होते. भाऊंनी मला समजावले नाही, रागावलेही नाहीत. खिडकीबाहेर पाहत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा बाकावर माझी जागा नेहमीसारखी मोकळी होती. एवढ्यावरून मी समजायचे ते समजले.

आज याच ग्रंथात भाऊंच्या "निर्भीड सचोटी"वर साहेबांचा लेख आहे. ज्या कार्यालयांनी त्यांना पुन्हा दारात उभे केले नाही, त्यांचे शुभेच्छा संदेशही आहेत. सत्काराला शाल येईल, श्रीफळ येईल. त्या पत्राबद्दल कोणी क्षमा मागितल्याचे मी अजून ऐकलेले नाही. भाऊंचे हात आता कापतात, बारीक स्क्रू धरवत नाही, आणि दुकानाचे दार दुपारी तासभरच उघडे असते.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्यांना वाचून दाखवला. माझे स्वतःचे वागणे लिहिताना दोन ठिकाणी मी जरा सावरून घेतले होते. भाऊंनी दोन्ही ठिकाणी मला थांबवले.

"मायी तारीफ कमी कर. पन हे पुरं लिही."

लिहिले आहे, भाऊ. तुम्हाला शंभर वर्षे लाभोत. पाठ दुखू नये, डोळे शेवटपर्यंत साथ देवोत. आणि आम्ही ज्या गोष्टी खणात ठेवून देतो त्या मागायला तुम्ही आमच्या दारात येत राहा. यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही विचारले नाही, तर आम्ही आपण होऊन देणारे नाही.