चाकणच्या बाजारात गोंदलेलं नाव

पुण्याला गाडी बदलून आम्ही चिंचवडला उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. डब्यातले बहुतेक जण पिंपरीच्या नव्या कारखान्यातले. जेवणाचे डबे काखोटीला मारून ते पायवाटेनं झपाझप निघून गेले आणि फलाटावर उरलो मी, माझी बायको सुशीला आणि बारशाचं सामान भरलेली ट्रंक. समोर बाभळीच बाभळी, आणि त्यांच्या पलीकडे कारखान्याचं पांढरंशुभ्र धुराडं. आमच्या वाईकडच्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्यांना हा मुलूख फार उघडा वाटला.

माझी थोरली बहीण चिंचवड गावात, नदीजवळ दोन खोल्यांत राहते. दाजी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागल्यापासून त्यांचं बस्तान इथंच, आणि त्यांच्याच बाळाचं हे बारसं. ताईनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, सुशीलेला जवळ घेतलं आणि त्याच क्षणी तिची नजर सुशीलेच्या डाव्या हातावर गेली.

त्या हातावर कोपराच्या खाली ‘रघुनाथ’ असं गोंदलेलं आहे. सुशीलेचं माझ्याशी झालेलं लग्न दुसरं. रघुनाथराव तिचे पहिले यजमान. लग्नात हौसेनं नाव गोंदलं आणि वर्षाच्या आत ते तापानं गेले. आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ताईच्या सासरी मात्र कुणाला माहीत नव्हतं.

जेवणं झाल्यावर ताईनं मला परसात गाठलं. “बारशाला माझ्या सासूबाई येणार, त्यांच्या जावा येणार. एकीनं जरी वाचलं तरी पाळणा राहील बाजूला. चाकणच्या बाजारात एक गोंदणारीण बसते. जुन्या नावावर वेल काढून देते म्हणतात. तेवढं करून ये रे.”

मी सुशीलेला विचारलं. ती “बरं” म्हणाली. मला तेवढं पुरलं.

दाजींना कळलं तसे त्यांनी कोऱ्या सुयांची पुडी माझ्या हातात ठेवली. “जत्रेतली एकच सुई शंभर जणांना टोचतात, मास्तर. या सुया द्या, उकळत्या पाण्यातून काढायला लावा. आणि उपाशीपोटी जाऊ नका, भोवळ येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भोसरीपर्यंत बैलगाडी आणि तिथून नाशिक रस्त्याची एस.टी. गाडीत कोंबड्या, कांद्याची रिकामी पोती आणि माणसं यांना सारखीच जागा होती. मोशीला इंद्रायणीच्या अलीकडे टायर बसला. कंडक्टरनं “उतरा राव, सगळ्यांनी उतरा” म्हणून पुकारलं आणि आम्ही लिंबाखाली बसून ताईनं बांधून दिलेली भाकरी नि लसणाची चटणी खाल्ली. सुशीला नेहमीपेक्षा कमी बोलत होती. उन्हामुळे असेल, असं मी धरून चाललो.

चाकणचा बाजार म्हणजे कांद्यांचे ढीग, मिरच्यांचा ठसका आणि गुडदाणीवर घोंघावणाऱ्या माशा. ढासळलेल्या किल्ल्याच्या बाजूला, एका चहाच्या टपरीशेजारी ती बाई बसली होती. कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत नक्षीच नक्षी. पुढे पितळी वाटीत काळी शाई, म्हणजे दिव्याची काजळी पाल्याच्या रसात घोटलेली.

मी सुया पुढे केल्या तशी ती फणकारली. “माझ्या सुया काय गंजल्यात व्हय?”

शेजारचे टपरीवाले चाचा हसले. “घे गं मावशी. फुकट सुया मिळतात तर घे. पाणी मी देतो.” त्यांनी चहाच्या आधणातलंच पाणी पेल्यात ओतलं. तिनं सुया त्यात टाकल्या, मग चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधल्या आणि सुशीलेचा हात मांडीवर घेतला.

तिनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. “लई खोल गेलंय. झाकायचं तर दाट वेल काढावी लागंल. दोनदा टोचीन, आग व्हईल. एकदा आत गेलं का पुन्हा निघायचं न्हाई. कुणाचं नाव हाय हे?”

मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मला हातानंच थांबवलं. “तुमी न्हाई. हात हिचा हाय.”

सुशीलेनं शाईची वाटी बोटानं बाजूला सारली. मग म्हणाली, “मला झाकायचं नाही.”

मी म्हणालो, “अगं, काल तर तू...”

“तुम्ही विचारलंत, मी बरं म्हटलं. नाही कशी म्हणू? चांगला माणूस होता तो. त्याच्या नावावर वेल काढून मी काय म्हणू, तो नव्हताच?”

चाचांनी टपरीच्या आतून दोन चहा आणून आमच्यापुढे ठेवले. खरं सांगायचं तर मला आत कुठंतरी लागलं. तो चहा मी अर्धा प्यालो. मग, का कोण जाणे, म्हणालो, “मग दुसऱ्या हातावर माझं गोंद.”

“नाही!” तिनं हात झटकन पदराखाली ओढला. “एकदा नाव गोंदलं आणि वर्षात माणूस गेलं. तुमचं नाव मी गोंदणार नाही. काही झालं तरी नाही.”

लग्न झाल्यापासून माझं नाव गोंदायचा विषय निघाला की ती गप्प का होते, हे मला त्या कांद्याच्या बाजारात समजलं. मला वाटायचं, जुनं माणूस आड येतं. ती तर माझ्याच जिवासाठी भीत होती.

मी सदऱ्याची बाही वर केली आणि हात मावशीपुढे धरला. “माझ्या हातावर हिचं नाव गोंदा. बघू काय होतं ते.”

“अहो!” सुशीला म्हणाली.

मावशीनं तोंडाला पदर लावला. “अगं बया! आजपातुर बाप्यामाणसाच्या हातावर मारुती काढला, आईचं नाव काढलं. बायकूचं न्हाई काढलं.”

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ‘मी शाळामास्तर आहे’ म्हणत अक्षरं मीच काडीनं काढून दिली: सुशीला. पहिल्या टोचणीला डोळ्यांत पाणी आलं. बाजारातली पाच-सात माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, “मास्तर, पोरांना छडी मारताना आता इचार करा.” सुशीलेनं माझा दुसरा हात घट्ट धरला होता. चारचौघांत, भर दिवसा. शेवटी शेवटी ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं.

निघताना मावशीनं बजावलं. “हळद नि खोबरेल लावा. खपली आपसूक पडू द्या, खाजवू नगा. नदीच्या पान्यात हात घालू नगा.”

मोशीला परतीची गाडी थांबली. हाताची अशी आग होत होती की मी इंद्रायणीत कोपरापर्यंत हात बुडवला. काय गार वाटलं! सकाळी हात टम्म सुजला आणि अंगात कणकण. दाजी माझ्या नावानं ठणाणा करत मला डॉक्टरकडे घेऊन गेले. पेनिसिलिनची सुई गोंदणाच्या सगळ्या सुयांपेक्षा जास्त दुखली. ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, “वेल काढायला पाठवलं होतं रे तुला.”

बारशाला बायका आल्या. सुशीलेनं हातावर बाही ओढली नाही, पदरही नाही. ताईच्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळ विचारलं, “कुणाचं नाव गं हे?”

ताईच्या हातातलं घुगऱ्यांचं ताट थांबलं.

“माझ्या पहिल्या यजमानांचं,” सुशीला म्हणाली. “ते वारले.”

तेवढ्यात एक जाऊबाई खुसखुसली, “आणि त्या मास्तरांच्या हातावर हिचं आहे म्हणे!” सासूबाईंनी मला बोलावलं, हळदीनं पिवळा झालेला माझा हात उलटसुलट करून बघितला. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, “माझ्या हातावर आमच्या मालकांचं हाय. त्यांच्या हातावर कुणाचंच नव्हतं.” आणि सुशीलेकडे वळून, “उभी काय राहिलीस? ये, पाळण्याची दोरी धर.”

ताईनं ताट खाली ठेवलं आणि डोळे पुसले.

आठवड्यानं आम्ही घरी परतलो. येताना गाडीत हाताला अशी खाज सुटली की सुशीलेला डुलकी लागल्याचं बघून मी खपली ओढलीच. ज्यांना गोंदून घ्यायचं आहे त्यांना सांगतो, एवढं करू नका. शेवटचं अक्षर खपलीबरोबर निघून आलं. हात बरा झाला तेव्हा तिथं फिकट डाग तेवढा राहिला होता आणि नाव उरलं होतं ‘सुशी’.

मी ओशाळून तिला हात दाखवला. म्हटलं, पुढच्या वेळी चाकणला जाऊ तेव्हा पुरं करून घेईन.

तिनं त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. “नको,” ती म्हणाली. “माहेरी मला सुशीच म्हणायचे. आई गेल्यापासून कुणी म्हटलं नाही.”

हे मला माहीत नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी तिला त्या नावानं हाक मारून बघितली. तिनं ओ दिली.