वेळेआधी फेडलेलं कर्ज

ती घटना आठवली की आजही हसू येतं, आणि ते स्वतःचंच येतं. फौजदार होऊन मला वर्षही झालं नव्हतं. अंगावरच्या वर्दीपेक्षा डोक्यातली वर्दी जास्त कडक होती. अशा थाटात मी एका मुलीला फसवणुकीच्या गुन्ह्यात संशयित ठरवलं. कारण काय, तर ती कर्ज वेळेआधी फेडते.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. लालबाग-परळच्या चाळींत दारोदार कुलपं होती. बिऱ्हाडं गावी गेलेली. त्यातला एक साचेवाला, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारा, परत आला, तर त्याच्या खोलीत भलतीच माणसं स्वयंपाक करत होती. त्यांनी दलालाला पागडी मोजली होती. याला खोली विकल्याचं माहीतच नाही. पाठोपाठ चिंचपोकळीहून तशीच तक्रार आली. दलालाने सांगितलेलं नाव खोटं, पत्ताही खोटा.

मग खबऱ्याने बातमी आणली. "दलालाबरोबर एक शिकलेली पोरगी खोल्या बघत फिरते. हातावर पांढरा कोट असतो."

बाईमाणूस म्हणून चौकशी माझ्याकडे आली. तोवर माझ्या वाट्याला हरवलेल्या मुली आणि सासू-सुनांची भांडणं यायची. हा पहिला खरा गुन्हा. मी टेबल आवरून, कॅप समोर ठेवून बसले. आता हे सांगितलं की नात म्हणते, "आजी, फोटो काढायचा होता का?" तसंच काहीसं.

पांढऱ्या कोटावरून माग लागला. मुलगी परळच्या मेडिकल कॉलेजात शिकत होती. कोळ्यांची. वडील नव्हते, आई दादरच्या बाजारात मासे विकायची. दोघी काकाच्या पडवीत राहायच्या आणि काकाने आता पडवी रिकामी करा म्हणून सांगितलं होतं. मुलगी शिकवण्या घ्यायची. पतपेढीतून तिने लागोपाठ कर्जं काढली होती, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठं आणि प्रत्येक मुदतीआधी फेडलेलं.

"मिक्सर हप्त्यावर घेतलास?"

"हो."

"वापरतेस?"

"आईला पाट्यावरचंच वाटण लागतं. खोक्यात आहे."

"मग घेतला कशाला?"

"फेडायला."

हा जबाब मी अधोरेखित केला. आधी विश्वास कमवायचा आणि मोठी रक्कम हातात आली की पसार व्हायचं, ही ठकांची जुनी रीत मी प्रशिक्षणात शिकले होते. ती शांतपणे सांगत होती, की बँकेत विचारून आली, शिकणाऱ्या मुलीला घरासाठी कोणी दारात उभं करत नाही. पतपेढी करते, पण आधी पत दाखवावी लागते. सगळ्यात मोठं कर्ज तिने नुकतंच उचललं होतं आणि लालबागच्या खोलीचा बयाणा म्हणून त्याच दलालाला दिलं होतं.

"तो दलाल ठक आहे," मी म्हटलं, आणि तिचा चेहरा वाचू लागले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणजे पक्की मुरलेली, असं मी ठरवलं. डॉक्टरकीला त्यांना चेहरा आवरायला शिकवतात, हे मला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी तिच्या जामीनदाराकडे गेले. ही तिच्या आईशेजारी बसणारी कोळीण. साध्या कपड्यांत, घरी जाऊन विचारायचं काम. मी गेले भरबाजारात, पूर्ण वर्दीत, दोन शिपाई घेऊन. गिऱ्हाइकं पांगली. बाईने कोयता खाली ठेवला.

"बाय, मी सही केली ती पोरीसाठी. पोलिसांसाठी नाय. काढा माझं नाव."

पतपेढीने मुलीला कळवलं, दुसरा जामीनदार आण, नाहीतर सगळी रक्कम एकदम भर. तिने वर्षानुवर्षं जमवलेली पत मी एका सकाळीत मोडली होती.

साहेबांनी कागद वाचले. ते आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्त लागायचं. "फौजदारबाई, पैसे उचलून ही पळाली का?"

"नाही सर. मैत्रिणीच्या वसतिगृहाबाहेर तिच्याबरोबर अभ्यास करत होती."

"मग ती फिर्यादी आहे. तिला फिर्यादीसारखं विचारा."

पुन्हा बोलावलं. या वेळी चहा मागवला आणि खोलीत काय काय पाहिलं एवढंच विचारलं.

"माळ्यावर ट्रंका होत्या. भिंतीवर देव होते, पुढे ताजं फूल. मी विचारलं, देव नेले नाहीत? तो म्हणाला, नेतील मागाहून."

मी चहा खाली ठेवला. मी चाळीतच वाढलेली. खोली कायमची सोडणारा माणूस आधी देव हलवतो. गावी जाणारा देव ठेवून जातो आणि दिवाबत्तीसाठी किल्ली शेजाऱ्याकडे देतो. फूल ताजं, म्हणजे किल्ली शेजारीच होती. दोन्ही तक्रारींतल्या शेजाऱ्यांना गाठलं. दोघांनी एकच सांगितलं: गावाहून निरोप आलाय, खोलीला रंग द्यायचाय म्हणून एक गृहस्थ तासाभरासाठी किल्ली घेऊन गेला होता. तेवढ्यात तो दुसरी किल्ली पाडून घ्यायचा.

मुलीने त्याला निरोप धाडला, मैत्रिणीलाही खोली हवी आहे. मैत्रीण मी. या वेळी साडीत. त्याने कुलपात किल्ली फिरवली आणि शेजारच्या दारातून आमची माणसं बाहेर आली. पंचांसमक्ष त्याच्या पिशवीत किल्ल्यांचा जुडगा मिळाला. घरझडतीत बरीचशी रोकड सापडली. साचेवाल्याला खोली परत मिळाली.

मुलीचे पैसे मात्र मुद्देमालात अडकले. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ते सुटणार नव्हते. दुसरा जामीनदार अजून मिळाला नव्हता, तरी हप्ता तिने चुकवला नाही. आईच्या कानातली सोन्याची गाठी गहाण पडली, हे मला नंतर कळलं.

पुढे पुष्कळ गुन्हे पाहिले. त्यातून कळलं ते एवढंच, की संशय घेणं हा आमचा धंदा आहे, पण तो घेऊन कुठे आणि कसं जायचं हे धंद्याहून मोठं आहे. चोराचं मी काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते प्रामाणिक माणसाचं.

म्हणून एका संध्याकाळी पडवीत गेले. कॅप काखेत होती. म्हटलं, "तुला जामीन मी राहते. सरकारी नोकर आहे, पतपेढी नाही म्हणणार नाही."

तिने पुस्तक मिटलं. "मॅडम, तुम्ही कधी कर्ज काढलंय?"

"एक पैसा नाही," मी ताठ मानेने सांगितलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी मी तिला ठाण्यात पाहिलं होतं तसं, आणि म्हणाली, "मग तुम्ही फेडता की नाही, हे त्यांना कसं कळणार? आधी सभासद व्हा, हप्त्यावर एक मिक्सर घ्या. मग बघू."