क्लबहाऊसमधली तिसरी खुर्ची

सव्वीस जानेवारी, रविवार, झेंडावंदन उरकल्यावर. रक्कम: क्लबहाऊसचं भाडं पंधराशे, अनामत दोन हजार. पावती फाडताना हजर तिघी: सोसायटीची खजिनदार म्हणून मी, अकराव्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक तरुण मुलगी, आणि माझ्या थोरल्या नणंदबाई, ज्यांचं त्या टेबलापाशी काहीच काम नव्हतं.

मुलगी तळवड्याच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. आमच्या ताई तिला महिन्याच्या पैशांवर डबा देतात, एवढीच ओळख, असं मी समजत होते. तिने अर्जात लिहिलं होतं, 'देवीपूजन, फक्त महिला, शनिवार सायंकाळी सहा.' मी विचारलं, कोणती देवी. म्हणाली, एकच, पण तीन रूपांची: कुमारी, आई आणि म्हातारी. नवरा कोण तिचा, म्हटलं. नवरा नाही म्हणाली. त्यांच्या पूजेत देव नाही, पुजारी नाही, पुरुषाला प्रवेश नाही, आणि सगळ्याजणींचा मान सारखा. हे परदेशातून आलेलं आहे. तिकडे पूर्वी बायकांना चेटकिणी ठरवून मारलं, म्हणून आता या स्वतःलाच चेटकिणी म्हणवून घेतात. हे तिने इतकं सहज सांगितलं, जणू सकाळच्या झुंबा क्लासची माहिती देत होती.

मी पेन खाली ठेवलं आणि ताईंकडे पाहिलं.

ताई लग्न होऊन परभणीकडच्या गावात दिल्या होत्या. नवरा गेला आणि त्याच वर्षी सासरची दुभती म्हैस मेली. मग जावेचं मूल आजारी पडलं. तेव्हा घरच्यांनी आणि भावकीने मिळून हाच शब्द ताईंना लावला आणि एका पिशवीनिशी त्यांना एसटीत बसवून दिलं. तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. इथे पुनावळ्यात ही गोष्ट कुणाला माहीत नाही. आम्ही होऊ दिली नाही. चारशे फ्लॅटांच्या सोसायटीत एखादा शब्द चिकटला की तो लिफ्टमधून सगळ्या मजल्यांवर जातो, हे मला पाण्याच्या टँकरच्या भांडणातून ठाऊक आहे.

ताई त्या मुलीला म्हणाल्या, "तू हौसेनं म्हणून घेतीस, बाई. मला लोकांनी म्हटलं आणि घरातून काढलं."

मुलगी त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "मावशी, तिसरी खुर्ची रिकामी असते आमची. आम्ही सगळ्या तिशीतल्या. तिथं बसायला कुणी नाही. तुम्ही याल?"

हीच मेख आहे, असं मला वाटलं. त्यांना म्हातारी हवी होती. आमची ताई त्यांना आयती मिळाली होती, पांढऱ्या केसांची, बिनकुंकवाची, शिवाय खरीच हाकललेली. मी विचारलं, खुर्चीत बसण्याचे किती घेता. काही नाही म्हणाली. जिथे कुणी काही घेत नाही, तिथे मी जास्त नीट बघते. चाकणच्या कारखान्यात वीस वर्षं पगारपत्रकं केली आहेत, फुकट मिळालेली वस्तू कुठल्या ना कुठल्या खात्यात दिसतेच. ताईंच्या हातात आईच्या दोन पाटल्या आहेत. त्या पाटल्या मी त्या दिवशी डोळ्यांनीच मोजून घेतल्या.

पुढे मी सामानाची चौकशी केली. मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला, एक नवी केरसुणी आणि काळ्या मुठीची सुरी. सुरीने काय कापणार? काहीच नाही म्हणाली, ती नुसती दिशा दाखवायला असते. मी लिहून घेतलं की लिंबू आणणार नाही. लिंबू दिसलं की लोक थेट पोलिसात जातात. ताई "येते" म्हणाल्या. का, ते त्यांनी घरी आल्यावरही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, "वहिनी, बघून तर येऊ."

नियमाप्रमाणे मी क्लबहाऊसची नोंद सूचनाफलकावर लावली, अर्जात होती तशीच. तिथे माझं लक्ष चुकलं. रथसप्तमी मंगळवारी होती. म्हणजे तो शनिवार संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा. त्या दिवसांत आमच्याकडे फलकावर देवीपूजन आणि महिला हे दोन शब्द एकत्र दिसले, तर बाई दुसरं काय समजणार? पण हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

शनिवारी मी पावणेसहालाच जाऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. खजिनदार या नात्याने, असं सांगितलं. सगळ्यांनी मोबाईल एका टोपलीत ठेवले. मी माझा हातातच ठेवला. बायका गोलात बसल्या, नऊ-दहा असतील, दोघी चऱ्होलीहून गाडीवर आलेल्या. मध्ये तीन खुर्च्या. एकीवर सगळ्यात लहान मुलगी, दुसरीवर कडेवर बाळ असलेली, तिसरीवर आमच्या ताई, अंगावर कुणाची तरी काळी शाल. उंबऱ्यात केरसुणी आडवी ठेवलेली होती, ती ओलांडून आत यायचं होतं. ताईंनी ती आधीच उचलून भिंतीला उभी केली होती. लक्ष्मी कुणी ओलांडतं का, म्हणाल्या. कुणी हरकत घेतली नाही. आपल्याकडची म्हणून त्यांनी हळदकुंकवाचं ताटही तिसऱ्या खुर्चीपुढे ठेवलं होतं. शोभेसाठी, असा माझा समज.

मुलीने चारी दिशांना सुरी दाखवून काहीतरी म्हटलं, निम्मं इंग्रजीत. थंडी सरते, उजेड वाढतो, असा अर्थ होता. हे तर संक्रांतीलाही असतं, त्यासाठी परदेशात कशाला जायचं, असं माझ्या मनात येतंय तोच दारात बांगड्या वाजल्या.

बी विंगमधल्या चौघी होत्या, जरीच्या साड्या नेसून. "उशीर झाला का हो?" म्हणत माझ्या बाजूने सरळ आत गेल्या. मी उठेपर्यंत पहिली ताईंच्या पुढे वाकलीसुद्धा, कुंकू लावून घ्यायला. ताट तिथेच होतं, पुढे वडीलधारी बाई बसलेली होती, तिला काय कळणार?

ताईंनी हात मागे घेतला. मग पहिलीने मान वर करून त्यांचं कपाळ पाहिलं, काळी शाल पाहिली, ती सुरी पाहिली. "हे काय चाललंय?" असं तिने हळूच शेजारणीला विचारलं. मला वाटलं, झालं. आता तो शब्द निघणार, आणि अकरा वर्षांनी ताईंची पिशवी पुन्हा भरायला लागणार. चौघींतली एक तोंड फिरवून निघूनही गेली. गोलातल्या बायकांना काय बिघडलं तेच कळत नव्हतं. ती आयटीतली मुलगी नुसती सुरी धरून उभी. ताई खुर्चीवरून उठायला लागल्या. अशा वेळी त्या नेहमी स्वयंपाकघरात जातात, पण क्लबहाऊसला स्वयंपाकघर नाही.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "बसा की. उठताय कशाला?"

दुसऱ्या मजल्यावरच्या मालकीणबाई दाराबाहेर उभ्या होत्या. आमची इमारत त्यांच्या सासऱ्यांच्या उसाच्या शेतावर उभी आहे, आणि बी विंगमधल्या निम्म्या बायका त्यांना दचकून असतात. त्यांचे यजमान दिवाळीच्या आधी गेले. दरवर्षी त्यांना पहिलं बोलावणं जायचं. यंदा कुणाचंच गेलं नाही, माझंही नाही, रीतच तशी आहे. त्या आत आल्या, ताईंच्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "लावा."

"मी लावत न्हाई, बाई," ताई म्हणाल्या. "माझं कुंकू गेलंय."

"माझं बी गेलंय. सवाष्णीनं लावलं तर तिला बोलत्याल. तुमी लावलं तर कोण कुणाला काय बोलणार हाय? लावा लवकर, गुडघं दुखत्यात."

ताईंनी ताटाकडे पाहिलं. हळदीचं बोट लावलं, थांबल्या, मग कुंकवाचं लावलं. मालकीणबाईंनी लगेच त्याच ताटात बोट बुडवून ताईंना लावलं. गोलातल्या एका बाईला रडू आलं. मला आलं नाही, कारण मी बी विंगमधल्या तिघींच्या तोंडाकडे बघत होते. दोघी पुढे झाल्या. तिसरी जरा रेंगाळली, मालकीणबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं, मग तीही वाकली.

आता आली पंचाईत. हळदीकुंकवाला आलेली बाई वाणाशिवाय परत जात नाही, आणि या पूजेत वाण नावाचा प्रकारच नव्हता. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हळदीकुंकवातल्या स्टीलच्या वाट्या उरल्या होत्या. मी घरी जाऊन पाच आणल्या. त्या तिघी आणि मालकीणबाई मिळून चौघींना चार, पाचवी ताईंनी त्या मुलीच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुलाबी लागतं, बाई. नुसती सुरी काय दाखवतीस?" सगळ्या हसल्या, तीसुद्धा.

त्या मुलीबद्दलचा माझा संशय गेला असं मी म्हणणार नाही. ती आता दर पौर्णिमेला ताईंना बोलावते. कशासाठी, ते तिला अजून मला पटेल असं सांगता आलेलं नाही. मी प्रत्येक वेळी दाराशी खुर्ची टाकून बसते. मालकीणबाई माझ्या शेजारी दुसरी टाकतात, कधी आत जातात. बी विंगमधली जी बाई निघून गेली होती ती अजून लिफ्टमध्ये ताईंशी बोलत नाही. बाकी कुणी तो शब्द काढल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही, आणि माझे कान बरे आहेत.

हिशोब असा मिटला. फरशीवर मेण सांडलं होतं, त्याचे दोनशे कापून अनामतीचे अठराशे मी त्या मुलीला परत केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई डब्याच्या पैशांतले तीनशे रुपये घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. पाच वाट्या, साठ रुपयांप्रमाणे. मी म्हटलं, ताई, घरातल्या घरात कसले पैसे?

"तुझ्या वाट्या दिल्या तर वाण तुझं झालं, वहिनी," त्या म्हणाल्या. "खुर्चीत बसले होते मी."

मी नोटा मोजल्या. तीनशे होते. ताईंकडून मला, वाणाच्या वाट्यांबद्दल, पूर्ण मिळाले.