भरू द्यायची नव्हती ती जखम

खापरखेड्याच्या कॉलनीत कोणाचं बोट कापो की पाय भाजो, पहिली हाक रंभाबाईला. कंबरमोडीचा पाला चुरून लावायची, वर जुन्या लुगड्याची चिंधी. "तीन दिवसात जखम भरते पाहा," म्हणायची, आणि भरायचीही! नवरा वामनराव पॉवर स्टेशनात फिटर. त्यांच्या हातापायावरची एकूण एक जखम तिनंच भरून आणलेली. बाईला आपल्या हाताचा भारी अभिमान. तोच नडला.

रिटायर झाल्यावर वामनरावांना काचबिंदू निघाला. उजवा डोळा कळायच्या आतच गेला होता. डाव्यात पाणी तुंबून दाब वाढत होता, म्हणून रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून पापणीखाली पाण्याला बारीकशी वाट काढून दिली. थेंबांची बाटली देताना बजावलं, "ही वाट भरून आली तर सगळं फुकट जाईल. हे औषध तिला भरू देत नाही. मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही."

आता बोला! जखम भरू न देणारं औषध? रंभाबाईनं जन्मात असं ऐकलं नव्हतं. पंधरा दिवसांत डोळ्याची लाली गेली, तशी ती बाटली देवघरामागे गेली. वेळ झाली की ती डोळा ओला ठेवायचे साधे थेंब टाकायची. नवऱ्याला काय कळणार? एका लग्नापायी तपासणीची तारीखही हुकवली.

दीड महिन्यानं गेले, तर दाब वाढून बत्तीस. वाट भरून आलेली.

"थेंब चालू होते ना?"

"हो तर," रंभाबाई बोलून गेली. मेली जीभ!

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "औषध चालू असून वाट बंद पडली, म्हणजे सुईनं मोकळी करून टिकायची नाही. नळी बसवावी लागेल. मोठं ऑपरेशन आहे, आणि डोळा एकच उरलाय."

आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली. ते आठ दिवस वामनराव कॉलनीभर सांगत फिरले, "त्या डॉक्टरनीले काही येत नाही गा! माह्या बायकोनं तं एक थेंब चुकवला नाही." रंभाबाई घरात ऐकायची. 

ऑपरेशनच्या दिवशी सही करायला कागद पुढे आला आणि तिला रडू फुटलं. "बाई, मी खोटं बोलली. थेंब मीच बंद केले. मले वाटलं, जखम भरली म्हणजे चांगलंच झालं."

वामनराव शेजारीच बसले होते. त्यांनी तोंड फिरवलं.

"हे आधी सांगायचं होतं हो!" डॉक्टरीणबाई चिडल्या, पण नळी थांबवली; थेंबांअभावी भरलेली वाट सुईनं मोकळी होण्यासारखी होती. डोळा बधिर करून बारीक सुईनं आतला चिकटा सोडवला, पुन्हा भरू नये म्हणून इंजेक्शन दिलं. दाब चौदावर आला. "आता थेंब चुकले तर पुन्हा बंद पडेल," त्या म्हणाल्या. "आणि मधल्या दिवसांत जी नजर गेली, ती मात्र येणार नाही."

घरी जेवताना ताटातली डावीकडची चटणी वामनरावांना दिसली नाही. रंभाबाईनं गुपचूप मधोमध सरकवली. आपल्या हातांची तिला शिसारी आली.

थेंबांची वेळ झाली. तिनं बाटली उचलली, तर त्यांनी हिसकावून घेतली. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा मिशीत.  मग तिच्याकडे न पाहता त्यांनी बाटली पुढे केली.

"टाक. आता भरू नको देजो वं."