आधी गाव, मग दवाखाना

आमच्या शेजारच्या आप्पांना रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं, की ते गाडी थांबवतातच. तेवढं मान्य करायला हवं. पण उतरले की आधी विचारणार, "कुठलं गाव, पाव्हणं? कुणापैकी?" ओळख निघाली तर स्वतः उचलून दवाखान्यात नेतील. न्हाई निघाली तर ॲम्ब्युलन्सला फोन लावून सावलीत उभे राहतील.

परवा सणसवाडीजवळ मी त्यांच्याच गाडीत होते. कंपनीतला एक कामगार मोटरसायकलवरून पडला होता आन् मांडीतलं रक्त थांबत नव्हतं. आप्पांनी गाव विचारलं. तो कण्हत म्हणाला, "बिहार."

आप्पा विचारात पडले. "तिकडं आपलं कुणीच न्हाई हो, काकू."

मी त्याची मांडी रुमालानं आवळत म्हणाले, "ह्यो माझा भाचा हाय. बहीण तिकडं दिलीय माझी."

"मग आधी बोलायचं न्हाई व्हय!" आप्पांनी त्याला उचललं आन् सीटचं नवं कव्हर भिजलं तरी दवाखान्यापर्यंत हॉर्न वाजवत नेलं.

वाचला तो. आता आप्पा रोज विचारतात, "भाचा कसा हाय?" त्यांना काहीतरी सांगावं लागतं, म्हणून मी त्याला फोन करते. तो मला मौसी म्हणतो.