पालघाटचा चौक

फुलाबाई कतारमध्ये दोहाला आली तेव्हा तेरेसा तीन वर्षांची होती. तेरेसाची आई हिल्डा इथल्या इस्पितळात नर्स, मूळची वसईची. फुलाबाई वसईच्याच डोंगराकडच्या पाड्यावरची वारलीण. तिचा नवरा चैत्या गावी ताडी काढायचा. आपली पोरं सासूच्या पदरात टाकून फुलाबाईने दोहाच्या मुशैरिब वस्तीतल्या हिल्डाच्या दोन खोल्यांत दुसरीची पोर लहानाची मोठी केली.

१९८५ साली तेरेसाचं लग्न ठरलं. फादरांकडून तारीख मिळाली, केक सांगून झाला, पण फुलाबाईच्या जिवाला चैन पडेना. वारल्यांत भिंतीवर पालघाट देवीचा चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. फिरंगी पाद्री वसईत उतरले त्याच्या कितीतरी आधीपासूनची ही रीत. चौक काढायचा तो सवाशिणीनेच. विधवेचा हात लागला तर नवरीच्या कुंकवावरच घाला. फुलाबाई पाड्यावरची नावाजलेली सवाशीण होती. तेरेसानेही हट्ट धरला, तेव्हा हिल्डा हो म्हणाली.

गेरू आणला तो हिल्डाच्या भावाने, ऑस्वल्डने. तो वसईची सुट्टी संपवून परतला होता, आणि येताना बातमीही घेऊन आला होता. चैत्या ताडावरून पडून मेला होता. ऑस्वल्डने हे फक्त बहिणीच्या कानावर घातलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि फुलाबाई गावी निघाली तर चूल कोण सांभाळणार? लग्न उरकलं की सांगू, असं हिल्डाने ठरवून टाकलं. एवढी वर्षं घरात असलेल्या बाईशी हिल्डाला असं वागवलं तरी कसं, देव जाणे.

फुलाबाईने भिंत गेरूने सारवली, तांदूळ वाटले, बांबूची काडी ठेचली आणि लग्नाची गाणी म्हणत चौक काढला. हिल्डा येता-जाता बघत होती. तिच्या लेखी ते नुसतं चित्र होतं.

तेरेसा नवऱ्याबरोबर बहारीनला गेली, आणि मग हिल्डाने फुलाबाईला समोर बसवून सगळं सांगितलं.

"कवा गेला?" एवढंच फुलाबाईने विचारलं.

लग्नाआधीच, असं कळल्यावर तिने दोन्ही हात पदराखाली लपवले. "म्हंजी चौक काढला तवा मी रांडावलेली व्हते."

आम्ही ख्रिश्चन, आम्हाला हे काही लागत नाही, असं हिल्डा परोपरीने समजावत राहिली.

"तुमाला नसंल लागत, बाई. पोर माजी बी हाय."

ज्याच्याबरोबर संसार केला त्याच्यासाठी तिला धड रडताही आलं नाही. पोरीच्या कुंकवाच्या भीतीने रडण्याची जागाच घेतली. ती गावी जाऊन चैत्याचे दिवस घालून आली. पोटासाठी परत त्याच घरात यावं लागलं.

दर शुक्रवारी तेरेसाचा फोन यायचा. गावाहून परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी फुलाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. जावई ठणठणीत आहे, हिल्डाने आपण होऊन सांगितलं.

"तुमी नका सांगू, बाई," फुलाबाई म्हणाली. "मला त्याचा आवाज ऐकवा."

तेव्हापासून दर शुक्रवारी जावयाला फोनवर बोलवावं लागे. त्याचा आवाज आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय फुलाबाई जेवत नसे.